सर्व्हरलेस फंक्शनमधून ऑन-प्रेम डेटाबेसला सुरक्षित कसं जोडायचं: सुरुवात डेटाबेसकडून करा

क्लाउडवर एखादं छोटं सर्व्हरलेस फंक्शन (म्हणजे ज्याचा सर्व्हर आपण सांभाळत नाही, क्लाउड कंपनी सांभाळते) लिहून चालवणं आता फार सोपं झालंय, पण तेच फंक्शन कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हर रूममधल्या डेटाबेसमधून डेटा आणायला निघालं की नवीन माणूस हमखास अडकतो, आणि अडकतो तो कोडमध्ये नाही तर वाटेत. लॅपटॉपवर सगळं नीट चालतं, क्लाउडवर टाकलं की नुसतं टाइमआउट, लॉगमध्ये काही नाही, आणि मग कोणीतरी सुचवतं की फायरवॉलवर डेटाबेसचा पोर्ट जरा वेळ बाहेरून उघडून बघू या. हे अजिबात करू नका. सर्व्हरलेस फंक्शनला ठरलेला आयपी नसतो, त्यामुळे उघडायचं म्हटलं तर जवळपास सगळ्या जगालाच उघडावं लागतं, आणि उघडे डेटाबेस पोर्ट शोधणारे स्कॅनर इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. "जरा वेळ" उघडलेला पोर्ट बंद करायचं राहून जातं हे तर आहेच.

माझं ठाम मत असं की हे काम उलट्या दिशेने करावं. बहुतेक जण फंक्शनच्या कोडपासून सुरू करतात आणि डेटाबेसकडे जायला बघतात. तुम्ही डेटाबेसपासून सुरू करा, मग फायरवॉल, मग टनेल (ऑफिस आणि क्लाउडमधला एन्क्रिप्टेड रस्ता), मग क्लाउडचं नेटवर्क आणि सगळ्यात शेवटी फंक्शन. प्रत्येक टप्पा तपासून पुढे गेलात की काही बिघडलं तर ते शेवटच्या टप्प्यातच बिघडलंय हे कळतं. मी खाली उदाहरणासाठी एडब्ल्यूएस लॅम्डा (ॲमेझॉनच्या क्लाउडची फंक्शन सेवा) आणि पोस्टग्रेस डेटाबेस धरलाय, अझूर आणि गूगलबद्दल जिथे वेगळं आहे तिथे सांगतो, बाकी विचार सगळीकडे तोच.

पायरी १: डेटाबेसवरची तयारी

फंक्शनसाठी वेगळा डेटाबेस युजर बनवा. ॲडमिनचा युजर नको, आधीच्या कुठल्या ॲप्लिकेशनचा उधार घेतलेला नको. या युजरला फक्त लागतील त्याच टेबलांवर आणि लागतील तेवढेच अधिकार द्या, नुसतं वाचायचं असेल तर नुसतं वाचायचे, आणि टेबलात पगार, आधार, फोन नंबर असले कॉलम असतील तर सरळ एक व्ह्यू (टेबलातले ठरावीक कॉलमच दाखवणारी क्वेरी) बनवून त्याच्यावरच अधिकार द्या म्हणजे नको तो डेटा फंक्शनला कधी दिसणारच नाही. पोस्टग्रेसमध्ये युजरवरच कनेक्शन लिमिट लावता येतं आणि स्टेटमेंट टाइमआउटही लावता येतो, दोन्ही आत्ताच लावून टाका, का ते पुढे येईलच.

मग पीजी-एचबीए फाइल (pg_hba.conf), म्हणजे कोणी कुठून आणि कसं जोडायचं ते ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल. इथे एकच ओळ हवी: होस्टएसएसएल (hostssl) प्रकारची, ठरावीक डेटाबेस, ठरावीक युजर, क्लाउडमधल्या ठरावीक सबनेटची (नेटवर्कच्या छोट्या भागाची) आयपी रेंज, आणि पासवर्ड तपासायची पद्धत स्क्रॅम-शा-२५६ (scram-sha-256). नुसतं होस्ट लिहिलं तर एन्क्रिप्शन नसलेलं कनेक्शनही आत येतं, म्हणून होस्टएसएसएल. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते, त्यामुळे वरती कोणीतरी आधीच सगळ्यांना मोकळं सोडणारी ओळ लिहून ठेवली असेल तर तुमची कडक ओळ कधी वाचलीच जाणार नाही. फाइल पूर्ण बघा. आणि पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकत असतं, तेव्हा लिसन ॲड्रेसमध्ये (listen_addresses) सर्व्हरचा आतल्या नेटवर्कचा आयपी टाकायला विसरू नका, हे बदललं की रीस्टार्ट लागतो.

"व्हीपीएन आहे ना, मग टीएलएस कशाला" हा प्रश्न हमखास येतो (टीएलएस म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन, एसएसएल हे त्याचंच जुनं नाव). व्हीपीएन एन्क्रिप्ट करतं ते दोन गेटवेंच्या मधलं. तुमच्या राउटरपासून डेटाबेस सर्व्हरपर्यंतचा प्रवास ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडाच होतो, आणि एडब्ल्यूएसच्या डायरेक्ट कनेक्टसारखी डेडिकेटेड लाइन घेतली असेल तर ती खाजगी असते पण आपोआप एन्क्रिप्टेड नसते. म्हणून डेटाबेसवर सर्टिफिकेट लावा, कंपनीच्या आतल्या सीएचं (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या यंत्रणेचं) चालेल, आणि क्लायंटकडे, म्हणजे फंक्शनच्या कनेक्शनमध्ये, एसएसएलमोड व्हेरिफाय-फुल (sslmode=verify-full) ठेवा. नुसतं रिक्वायर ठेवलं तर डेटा एन्क्रिप्ट होतो खरा पण समोर आपलाच सर्व्हर आहे की मधे कोणी बसलंय याची खात्री होत नाही. व्हेरिफाय-फुलमध्ये सर्टिफिकेटवरचं नाव आणि तुम्ही ज्या नावाने जोडताय ते नाव जुळावं लागतं, म्हणजे कनेक्शन होस्टनेमने करायचं, आयपीने नाही. सीएची फाइल फंक्शनच्या पॅकेजमध्येच टाका, ती गुप्त नसते.

पायरी २: आयपी रेंज, कागदावर

क्लाउडमध्ये व्हीपीसी (आपलं खाजगी नेटवर्क) बनवण्याआधी नेटवर्क टीमकडून ऑफिसात वापरात असलेल्या सगळ्या रेंज मागून घ्या. खाजगी रेंज तीनच आहेत, १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६, आणि सगळं जग त्यातूनच घेतं, त्यामुळे दोन्हीकडे एकच रेंज निघण्याची शक्यता भरपूर. तसं झालं तर राउटिंग होऊच शकत नाही, मग पत्ते बदलण्याचे उपद्व्याप करावे लागतात आणि ते कायमचं दुखणं होऊन बसतं. एडब्ल्यूएसची डीफॉल्ट व्हीपीसी नेहमी १७२.३१.०.०/१६ असते, ती या कामाला वापरू नका. आणि १७२.१७.०.०/१६ सुद्धा टाळा, कारण डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या आतल्या ब्रिजसाठी मुळात हीच रेंज घेतं, म्हणजे डेटाबेसच्या मशीनवर डॉकर चालू असेल तर तुमच्या फंक्शनची विनंती पोहोचते पण उत्तर मशीनच्या आतच डॉकरच्या ब्रिजकडे वळतं, बाहेर पडतच नाही, आणि माणूस तासन्‌तास फायरवॉल बघत बसतो.

पायरी ३: मधला रस्ता

सुरुवातीला साइट-टू-साइट व्हीपीएन, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि क्लाउडचं नेटवर्क जोडणारं व्हीपीएन, पुरतं. ऑफिसच्या बाजूला स्थिर पब्लिक आयपी असलेला राउटर किंवा फायरवॉल लागतो, क्लाउडच्या बाजूला व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवे किंवा ट्रान्झिट गेटवे. एडब्ल्यूएस प्रत्येक व्हीपीएन कनेक्शनला दोन टनेल देतं आणि साध्या टनेलची क्षमता १.२५ गिगाबिट प्रति सेकंदपर्यंत असते. दोन्ही टनेल चालू करा. बरेच जण एकच लावून "झालं" म्हणतात, मग क्लाउडकडून त्या टनेलवर मेंटेनन्स होतो आणि सगळं बंद पडतं. राउटर बीजीपी (राउटरांनी एकमेकांना रस्ते आपोआप कळवायची पद्धत) बोलत असेल तर बीजीपी घ्या, एक टनेल पडला की दुसऱ्यावर जाणं आपोआप होतं. टनेल जुळवणाऱ्या आयकेई प्रोटोकॉलचं व्हर्जन २ (IKEv2) वापरा, आणि प्री-शेअर्ड की, म्हणजे टनेलचा दोन्ही बाजूंना दिलेला पासवर्ड, ईमेलवर पाठवू नका.

आता राउटिंग, आणि इथे जरा थांबून वाचा कारण "टनेल हिरवा दिसतोय पण कनेक्ट होत नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. रस्ता दोन्ही बाजूंनी लागतो. क्लाउडमध्ये फंक्शनच्या सबनेटच्या राउट टेबलमध्ये ऑफिसची रेंज गेटवेकडे दाखवलेली पाहिजे, आणि ऑफिसात डेटाबेस सर्व्हर ज्या गेटवेकडे पॅकेट टाकतो त्याला क्लाउडच्या सबनेटची रेंज टनेलकडे जाते हे माहीत पाहिजे. पहिलं सगळे करतात. दुसरं राहून जातं, कारण ते दुसऱ्या टीमचं काम असतं.

फायरवॉलवर नियम अगदी अरुंद ठेवा: फंक्शनच्या सबनेटकडून, फक्त डेटाबेसच्या एका आयपीला, फक्त एका पोर्टला. पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१ हे नेहमीचे. एकेका फंक्शनचा आयपी टाकायचा प्रयत्न करू नका, तो बदलत राहतो, पूर्ण सबनेटच द्यावं लागतं, आणि म्हणूनच या कामाची सबनेट वेगळी आणि छोटी ठेवायची, तिच्यात दुसरं काही ठेवायचं नाही.

एक विचित्र लक्षण लक्षात ठेवा. कनेक्शन होतं, छोट्या क्वेरीला लगेच उत्तर येतं, पण जास्त ओळी आणणारी क्वेरी लटकते. हे एमटीयूचं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचं, प्रकरण असतं. टनेलमध्ये हेडर वाढतात, पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही, आणि मधला एखादा फायरवॉल आयसीएमपी (नेटवर्कमधली अडचण कळवणारे मेसेज) अडवत असेल तर पाठवणाऱ्याला हे कळतही नाही. राउटरवर टीसीपी एमएसएस क्लॅम्प (पॅकेटचा आकार मावेल इतका ठेवणारी सेटिंग) लावा, प्रश्न सुटतो.

नेटवर्क टीम व्हीपीएनला तयारच नसेल तर अझूरमध्ये हायब्रिड कनेक्शन्स हा वेगळा मार्ग आहे: ऑफिसातल्या एका मशीनवर छोटा एजंट बसवायचा, तो स्वतःच बाहेर ४४३ पोर्टवर क्लाउडशी कनेक्शन धरून ठेवतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारा एकही नियम लागत नाही आणि एका होस्ट-पोर्टच्या जोडीपुरतंच दार उघडतं. फक्त अझूर फंक्शन्सच्या साध्या कन्झम्प्शन प्लॅनवर हे चालत नाही, व्हीनेट इंटिग्रेशनही (फंक्शनला अझूरच्या खाजगी नेटवर्कमध्ये जोडणं) त्यावर नाही, तेव्हा प्लॅन आधीच बघून घ्या.

पायरी ४: फंक्शनला नेटवर्कमध्ये बसवणं

लॅम्डाला व्हीपीसीमध्ये जोडताना दोन वेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमधल्या प्रायव्हेट सबनेट द्या, एक स्वतंत्र सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडमधला छोटा फायरवॉल) द्या, आणि फंक्शनच्या रोलला (त्याला दिलेल्या परवानग्यांच्या संचाला) नेटवर्क इंटरफेस बनवायची परवानगी द्या. नवीन सिक्युरिटी ग्रुपमध्ये बाहेर जाणारं सगळं मोकळं असतं, ते काढून फक्त डेटाबेसचा आयपी-पोर्ट आणि सीक्रेट, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड, आणण्यासाठीचा ४४३ एवढंच ठेवा.

व्हीपीसीत बसवलं की फंक्शनचं इंटरनेट जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पब्लिक सबनेटमध्ये ठेवलं तरी येत नाही, कारण लॅम्डाच्या इंटरफेसला पब्लिक आयपी मिळतच नाही. म्हणजे सीक्रेट्स मॅनेजरपर्यंतही (पासवर्ड जपून ठेवणारी एडब्ल्यूएसची सेवा) हात पोहोचत नाही आणि फंक्शन पासवर्ड आणतानाच लटकतं, आणि आपल्याला वाटतं डेटाबेस लागत नाही. इंटरनेटवर जायला नॅट गेटवे लावता येतो, पण मला सीक्रेट्स मॅनेजरचा व्हीपीसी एंडपॉइंट (त्या सेवेकडे व्हीपीसीतूनच जाणारं खाजगी दार) जास्त योग्य वाटतो, फंक्शनला इंटरनेट नाहीच हे सुरक्षेच्या दृष्टीने उलट चांगलं आहे.

होस्टनेमने जोडायचं ठरवलंय तर ते नाव क्लाउडला कळायला पाहिजे. त्यासाठी रूट ५३ रिझॉल्व्हरचा (एडब्ल्यूएसची नावावरून आयपी शोधणारी डीएनएस सेवा) आउटबाउंड एंडपॉइंट बनवून "आपल्या आतल्या डोमेनचे प्रश्न ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला विचार" असा फॉरवर्डिंग नियम लावायचा, आणि फायरवॉलवर पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हीसाठी उघडायचा. गूगल क्लाउडवर याच पायरीला सर्व्हरलेस व्हीपीसी ॲक्सेस कनेक्टर येतो, त्याला /२८ ची रिकामी सबनेट लागते, किंवा मग क्लाउड रनची डायरेक्ट व्हीपीसी इग्रेस वापरता येते.

फंक्शनला हात लावण्याआधी त्याच सबनेटमध्ये, तोच सिक्युरिटी ग्रुप लावून एक छोटं व्हर्च्युअल मशीन उभं करा आणि तिथून नाव रिझॉल्व्ह होतंय का, पोर्ट लागतोय का, पीएसक्यूएलने (psql, पोस्टग्रेसचं कमांड-लाइन टूल) लॉगिन होतंय का ते या क्रमाने बघा. मशीनवर काही इन्स्टॉल करायला इंटरनेट लागेल आणि ते या सबनेटला नाही, म्हणून टूल्स आधीच असलेली इमेज वापरा. एरर काय येतो ते नीट वाचा, तोच सांगतो कुठे अडलंय. नुसता टाइमआउट म्हणजे पॅकेट कुठेतरी गिळलं जातंय, राउट किंवा फायरवॉल. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोहोचलात पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. पीजी-एचबीएमध्ये एंट्री नाही असा मेसेज आला तर आनंद माना, नेटवर्क पूर्ण झालंय, आता फक्त डेटाबेसची ती एक ओळ चुकलीय. आणि सर्टिफिकेटचा एरर आला तर नाव जुळत नाही किंवा सीएची फाइल चुकीची आहे, अशा वेळी व्हेरिफाय बंद करून पुढे जाऊ नका, ते नंतर कोणी परत चालू करत नाही. तपासून झालं की मशीन काढून टाका.

पायरी ५: पासवर्ड

पासवर्ड कोडमध्ये नको, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्येही नको, कारण फंक्शनचं कॉन्फिगरेशन बघायची परवानगी असलेल्या प्रत्येकाला तो दिसू शकतो. सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा आणि फंक्शनच्या रोलला फक्त त्या एका सीक्रेटची वाचायची परवानगी द्या. दर कॉलला आणायची गरज नाही, हँडलरच्या (दर कॉलला चालणाऱ्या कोडच्या) बाहेर एकदा आणून मेमरीत ठेवा, आणि लॉगिन फेल झालं तर एकदाच नव्याने आणून परत प्रयत्न करा, म्हणजे पासवर्ड बदलला तरी फंक्शन आपोआप सावरतं. एरर लॉग करताना पूर्ण कनेक्शन स्ट्रिंग लॉगमध्ये जात नाही ना, हेही तपासा.

पायरी ६: कनेक्शनची संख्या

आत्तापर्यंतचं सगळं बरोबर केलं तरी लोड आल्यावर पूर्ण सिस्टिम पडू शकते ती या एका गोष्टीमुळे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

लॅम्डाचं एक एन्व्हायरन्मेंट, म्हणजे फंक्शनची एक चालू प्रत, नेहमीच्या पद्धतीत एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतं. एकाच वेळी २०० रिक्वेस्ट आल्या तर २०० एन्व्हायरन्मेंट उभी राहतात आणि प्रत्येक जण डेटाबेसला स्वतःचं कनेक्शन मागतं. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, मायएसक्यूएलची १५१. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस बनवतं, त्यामुळे मर्यादा नुसती वाढवत नेणं हा उपाय नाही, मेमरी संपते. आणि लक्षात घ्या, त्या डेटाबेसवर ऑफिसचं बाकीचं कामही चालू असतं, म्हणजे तुमच्या नव्या फंक्शनमुळे बिलिंगचं किंवा गोडाऊनचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडू शकतं ज्याचा तुमच्याशी काही संबंधच नव्हता.

साधा हिशोब करून बघा. सेकंदाला ५० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद, म्हणजे एका वेळी सुमारे १० कनेक्शन, काहीच नाही. पण एखादं लॉक लागलं किंवा रात्रीचा बॅकअप चालू झाला आणि तीच क्वेरी ४ सेकंद घ्यायला लागली, तर त्याच ट्रॅफिकला २०० कनेक्शन लागतात. डेटाबेस हळू झाला की कनेक्शन वाढतात, कनेक्शन वाढली की डेटाबेस अजून हळू होतो. फंक्शन हवं तितकं पसरतं, डेटाबेस पसरत नाही, म्हणून पसरण्याला लगाम आपणच लावायचा.

पहिला लगाम रिझर्व्ह्ड कॉन्करन्सी. फंक्शनला समजा ३० ठरवून द्या, मग त्याच्यापेक्षा जास्त एन्व्हायरन्मेंट उभी राहणारच नाहीत. दुसरा, युजरवरचं कनेक्शन लिमिट, जे पहिल्या पायरीत लावलं, ते डेटाबेसच्या बाजूने शेवटची भिंत म्हणून उभं राहतं, ते ३० पेक्षा थोडं जास्त ठेवा. तिसरं, कोडमध्ये कनेक्शन हँडलरच्या बाहेर बनवून पुन्हा पुन्हा वापरा आणि पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) वापरत असाल तर त्याचा आकार १ ठेवा, फंक्शनच्या आत १० चा पूल ठेवला तर ३० गुणिले १० होतात.

याच्यापुढे जायचं असेल तर ऑफिसच्या बाजूला पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची कनेक्शनं वाटून देणारं सॉफ्टवेअर) बसवा, डेटाबेसच्या पुढे, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं. फंक्शनं हवी तितकी कनेक्शनं त्याच्याशी करोत, तो मागे डेटाबेसला ठरलेली थोडीच ठेवतो. तो वेगळ्या मशीनवर असेल तर अजून एक फायदा, फायरवॉल फक्त त्याच्या ६४३२ पोर्टसाठी उघडायची आणि डेटाबेसला क्लाउडची रेंज दाखवायचीच नाही, पीजी-एचबीएमध्ये क्लाउड सबनेटच्या जागी पीजीबाउन्सरचा आयपी. टीएलएस मात्र दोन्ही बाजूंना लावा, फंक्शन ते पीजीबाउन्सर आणि पीजीबाउन्सर ते डेटाबेस. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनवर अवलंबून असलेल्या गोष्टी, लिसन-नोटिफाय, सेशनचे ॲडव्हायझरी लॉक वगैरे, चालत नाहीत, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरत असाल तर पीजीबाउन्सर १.२१ किंवा पुढचा घ्या. आरडीएस प्रॉक्सी इथे उपयोगाचा नाही, तो एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या आरडीएस आणि ऑरोरा या डेटाबेस सेवांसाठीच आहे.

नुसतं लिहायचं काम असेल आणि लगेच उत्तर द्यायचं नसेल तर मधे एसक्यूएस क्यू (एडब्ल्यूएसची मेसेजची रांग) टाका, लोड कितीही आला तरी डेटाबेसला झेपेल त्या वेगाने उपसता येतो, आणि टनेल पडला तरी मेसेज क्यूमध्ये टिकून राहतात.

पायरी ७: टाइमआउट आणि मेलेली कनेक्शनं

लॅम्डाचा डीफॉल्ट टाइमआउट ३ सेकंद, जास्तीत जास्त १५ मिनिटं. टनेलमधून पहिलं टीएलएस कनेक्शन आणि सीक्रेट आणणं धरून ३ सेकंद कमी पडू शकतात. उलट पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीचा कनेक्ट टाइमआउट दिलाच नाही तर ती अनंत काळ वाट बघते. तेव्हा सगळे स्वतः ठरवा आणि आतून बाहेर वाढत जातील असे: कनेक्टला ५ सेकंद, स्टेटमेंटला १०, फंक्शनला २० किंवा ३०. स्टेटमेंटचा टाइमआउट डेटाबेसकडेच पाहिजे, कारण फंक्शन मध्येच मारलं गेलं तरी त्याने सुरू केलेली क्वेरी डेटाबेसवर चालूच राहू शकते.

दोन कॉलच्या मधे लॅम्डाचं एन्व्हायरन्मेंट गोठवलेलं असतं, कनेक्शन जिवंत ठेवणारे कीपअलाइव्ह मेसेजही त्या वेळात जात नाहीत, आणि मधला फायरवॉल शांत कनेक्शन काही मिनिटांनी आपल्या टेबलातून काढून टाकतो. पुढचा कॉल येतो तेव्हा कोडला वाटतं कनेक्शन जिवंत आहे. म्हणून वापरण्याआधी हलकीशी सिलेक्ट १ करून बघा, नाही लागली तर बंद करून नवीन उघडा. आणि या तपासणीलाही वेळेची मर्यादा घाला, टीसीपी युजर टाइमआउट ५ सेकंदांचा ठेवा, नाहीतर मेलेल्या कनेक्शनवर ती सिलेक्टच लटकते. डेटाबेसच्या बाजूलाही टीसीपी कीपअलाइव्ह लावा, पोस्टग्रेस १४ पासून आयडल सेशन टाइमआउटही आहे, त्याने बेवारस कनेक्शनं साफ होतात. पीजीबाउन्सर असेल तर हा टाइमआउट डेटाबेसवर न लावता पीजीबाउन्सरच्या सेटिंगमध्ये लावा.

रीट्रायचंही बघा. असिंक पद्धतीने (उत्तराची वाट न बघता) बोलावलेलं लॅम्डा फेल झालं तर डीफॉल्टने अजून दोनदा चालवलं जातं, आणि "फेल" म्हणजे कधी कधी इन्सर्ट झाला पण उत्तर परत येताना टनेल तुटला एवढंच असतं. प्रत्येक विनंतीला स्वतःचा आयडी द्या, तो ज्या कॉलममध्ये ठेवाल त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) लावा आणि आधीच असेल तर काही करू नको असा इन्सर्ट लिहा. नाहीतर एकाच पेमेंटच्या तीन नोंदी होतील.

चालू झाल्यावर

टनेलच्या स्थितीवर अलार्म लावा, एक टनेल पडला तरी कळलं पाहिजे, दोन्ही पडायची वाट बघायची नाही. कनेक्शनमध्ये ॲप्लिकेशन नेम द्या म्हणजे डीबीएला कोणाची किती कनेक्शनं आहेत ते एका नजरेत दिसतं. व्हीपीसी फ्लो लॉग (नेटवर्कवरच्या ये-जा ची नोंद) चालू ठेवा, पॅकेट क्लाउडमधून निघालं की नाही हा वाद त्याने लगेच मिटतो.

आणि डेटाबेसच्या सर्टिफिकेटची आणि सीएची मुदत कधी संपते ती तारीख आजच टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीच्या आठवणीसकट. नवीन सीए येणार असेल तर जुना आणि नवा दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवून आधी फंक्शन डिप्लॉय करायचं, मग डेटाबेसवरचं सर्टिफिकेट बदलायचं, आणि सगळं नीट चालतंय हे बघून जुना सीए काढायचा.